किबांगाला शाळा आहे का?

"बस की रे," असं म्हणत त्यानं अण्णांपुढं खुर्ची सरकवली आणि मी हसू दाबायला तोंडावर हात धरला.

माझ्या वडिलांना कुणी अरेतुरे केलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. इचलकरंजीच्या गिरणीत ते वीव्हिंग मास्टर होते, शंभरभर माणसं त्यांना ‘मास्तर’ म्हणायची. पण समोरचा उंच, सडसडीत मुलगा टांझानियाचा होता. बराका मुशी त्याचं नाव. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होता आणि त्याचं सगळं मराठी होस्टेलातल्या पोरांकडून शिकलेलं होतं. त्यात ‘तुम्ही’ नव्हतंच.

अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले. त्याच्या होस्टेलच्या खोलीत खुर्ची एकच होती, मी कॉटवर बसले. माझ्या हातात आईनं लिहून दिलेला कागद होता.

अण्णांना टांझानियातल्या एका कापड गिरणीत नोकरी मिळाली होती. आमची गिरणी बंद पडायच्या बेतात होती आणि तिकडं माग चालवणारी माणसं हवी होती. राहायला घर, कुटुंबासकट जायचं तिकीट, सगळं ठरलं होतं. अडलं होतं ते आईचं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, सतरा वर्षांची कायम नोकरी. तिनं अण्णांना सांगितलं होतं, "आधी तिकडचं कुणीतरी माणूस गाठा आणि हे सगळं विचारून या. वैजूला बरोबर न्या, म्हणजे काही विसरायचं नाही." मी तेव्हा अकरा वर्षांची होते. कागद सांभाळणं हे माझं काम होतं.

"पाणी कसं आहे, विचार," अण्णा म्हणाले.

मी विचारलं. पाणी उकळून प्यायचं. डॉक्टर आहेत. हिवताप? "हिवताप आहे की! मला चार वेळा झाला." मांस-मच्छी न खाणाऱ्यांना काय मिळतं? बराकानं बोटांवर मोजत सांगितलं: राजमा, केळी, रताळी, पालेभाजी, आंबे, चपाती.

"चपाती?" मी विचारलं.

"चपाती. चाय. आमच्याकडं पण चायच म्हणतात. दुकानाला दुका. रंगाला रंगी. गाडीला गारी."

मी कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहायला लागले. मला वाटलं, ही काही परकी भाषा नाही, कुणीतरी आपलीच भाषा घेऊन गेलंय आणि वाटेत तिचे तुकडे पडलेत.

"वडिलांना बाबा म्हणतात," तो म्हणाला. "आईला मामा."

"मामा? आईला?"

"हां. आणि भावाला काका. बहिणीला दादा."

मी इतकी हसले की अण्णासुद्धा हसले. बराकाला त्यात हसण्यासारखं काय ते कळेना. मग मी त्याला आमचे मामा, काका, दादा कोण ते सांगितलं, तेव्हा तो पोट धरून हसला. "म्हणजे तुझा दादा माझी बहीण?"

कागदावर नसलेले प्रश्न मी विचारायला लागले. पाणघोडा पाहिलाय का? पाहिलाय, लहानपणी एक त्याच्या मावशीच्या शेतात शिरला होता. गिरणीचं गाव किबांगा, ते तळ्याच्या काठावर आहे म्हणतात, ते तळं केवढं आहे?

"मोठं."

"रंकाळ्याएवढं?"

त्यानं रंकाळा पाहिला होता. तो नुसता हसला. "काठावर उभं राहिलं की पलीकडचं काही दिसत नाही. पाणी आणि मग आकाश."

नदी म्हणजे पंचगंगा आणि तळं म्हणजे रंकाळा एवढंच मला ठाऊक होतं. दोन्हीच्या पलीकडं माणसं दिसतात, म्हशी दिसतात. ज्याला पलीकडची बाजूच नाही असं तळं कसं असेल? तिथं पोचेपर्यंत मला आता चैन पडणार नव्हतं.

"शेवटचा प्रश्न राहिला," अण्णा म्हणाले.

तो आईनं दोनदा अधोरेखित केला होता. किबांगाला शाळा आहे का?

"शाळा आहे," बराका म्हणाला, "पण स्वाहिली. हिला इंग्रजी पाहिजे ना? इंग्रजी शाळा म्वांझाला. सव्वादोनशे किलोमीटर. ते पण त्याच तळ्यावर, तिथं होस्टेलला ठेवतात. सगळे तसंच करतात. मी पण अकरा वर्षांचा होतो."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी कागदाकडं बघितलं. त्या प्रश्नापुढं मी काहीच लिहिलं नाही.

परतताना सांगलीच्या स्टँडवर अण्णांनी भडंगाचा पुडा घेऊन माझ्या हातात दिला. एसटी सुटायला वेळ होता. मी अर्धा पुडा संपवला.

"वैजू," शेवटी ते म्हणाले, "शाळेचं मी सांगतो आईला. तू मधे बोलू नको."

"काय सांगणार?"

"सांगतो ना मी."

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत आमची जेवणं व्हायची. त्या दिवशी पोचायला उशीर झाला म्हणून आईनं ताटं आधीच मांडून ठेवली होती. भाकरी वाढता वाढता तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. अण्णा सांगत गेले. पाणी उकळलं की झालं. हिवताप थोडाफार सगळीकडं असतोच. भाजीपाला भरपूर. आई ऐकत होती, मान हलवत होती. मग तिनं तवा उतरवला आणि समोर येऊन बसली.

"आणि शाळा?"

"आहे की," अण्णा म्हणाले.

"गावातच?"

"गावातच."

"इंग्रजी?"

"इंग्रजी."

आईची अट मला ठाऊक होती. घरातल्या भिंतींनासुद्धा ठाऊक होती. शाळा गावात असेल तर तिघं जाऊ, नसेल तर तुम्ही जाऊन या, मी आणि वैजू इथं राहतो. पोरीला कुठं होस्टेलात टाकणार नाही.

तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "व्हय गं, वैजू?"

अण्णा आमटीत भाकरी कुस्करत होते. ते थांबले नाहीत, पण त्यांचा कान माझ्याकडं होता हे मला कळत होतं. मला होस्टेल नको होतं. आईशिवाय मी आजोळीसुद्धा दोन दिवसांवर टिकत नसे. पण मी खरं बोलले असते तर ते तळं तिथंच बुडालं असतं.

"होय," मी म्हणाले. "शाळा आहे. बराका म्हणाला."

आई उठली आणि तिनं मला आणखी एक भाकरी वाढली. मी मागितली नव्हती.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस फार विचित्र गेले. शाळेत मी एकदम मोठी झाले होते. मधल्या सुट्टीत मुली भोवती बसायच्या आणि मी त्यांना सांगायचे, तिकडं दादा म्हणजे बहीण. शेजारची शमशाद मला ‘ए दादा’ म्हणायला लागली. मी नकाशाच्या पुस्तकात बोटानं इचलकरंजीपासून तळ्यापर्यंत जाऊन यायचे, मधला निळा समुद्र एका उडीत ओलांडायचे. आणि घरी आलं की मी आईची नजर चुकवायचे. चुलतभाऊ सुकुमार होस्टेलला होता. दिवाळीला आला की तो कुणीही न सांगता स्वतःचं ताट घासून ठेवायचा आणि कोपऱ्यात उभं राहून पुढच्या सूचनेची वाट बघायचा. तो मला सारखा आठवायला लागला. पण मग लगेच असंही वाटायचं, त्या होस्टेलच्या खिडकीतून ते पाणी दिसत असेल का?

एका शुक्रवारी संध्याकाळी आई राजीनाम्याचा अर्ज लिहायला बसली. तिचं अक्षर सुंदर होतं. तिनं एक कागद लिहिला, फाडला, दुसरा लिहिला. पहिल्या कागदात एकही चूक नव्हती. मी पाहिला होता.

"आई, उद्याच देणार?"

"उद्या हेडबाई भेटतील. सोमवारी त्या रजेवर आहेत."

शनिवारी आमची दोघींची शाळा सकाळची असे. माझी शाळा वेगळी होती, तिच्या शाळेपासून दहा मिनिटांवर. घंटा झाली तशी मी दप्तर छातीशी धरून पळत सुटले. तिच्या वर्गात पोचले तेव्हा मुलं गेली होती आणि ती फळा पुसत होती.

"अगं, काय झालं?"

"अर्ज दिला?"

"देतेय आता. का?"

"शाळा नाही तिथं," मी म्हणाले. "म्हणजे आहे, पण स्वाहिली. इंग्रजी शाळा म्वांझाला. सव्वादोनशे किलोमीटर. होस्टेलला राहायला लागतं. बराकानं त्याच दिवशी सांगितलं होतं."

आईनं डस्टर टेबलावर ठेवलं. हाताला खडू होता, तो तिनं पदराला न पुसता तसाच राहू दिला.

"अण्णांनी ऐकलं होतं?"

मी मान हलवली. "ते म्हणाले, मधे बोलू नको."

मला वाटलं ती आता मला मारेल, किंवा रडेल. ती मुलांच्या बाकावर बसली. बाक लहान होता, तिचे गुडघे वर आले.

"तुला जायचंय का?" तिनं विचारलं.

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता.

"जायचंय," मी म्हणाले. "पण मला भीती वाटते. आणि तुझ्याशिवाय नाही जायचं. पण जायचंय."

"म्हणून खोटं बोललीस?"

"होय."

तिनं माझ्या कपाळावरचे केस मागं सारले, खडूचा हात तसाच कपाळाला लागला. "चल," ती म्हणाली.

"कुठं? हेडबाईंकडं?"

"सांगलीला. माझे प्रश्न मी विचारते."

आई अण्णांना न सांगता कुठं गेलेली मला आठवत नाही. त्या दिवशी ती घरीसुद्धा गेली नाही. शमशादच्या भावाकडं निरोप ठेवला आणि आम्ही एसटीत बसलो.

बराका होस्टेलच्या नळावर शर्ट धूत होता. एक बाई आपल्याला भेटायला आल्यात म्हटल्यावर तो ओल्या हातानंच पळत गेला आणि इस्त्रीचा शर्ट घालून आला. आईपुढं वाकून म्हणाला, "नमस्कार, मामा."

आई गोंधळली. मी सांगितलं तेव्हा ती हसली. दोन तासांत पहिल्यांदा.

मग तिनं विचारलं, "तुला होस्टेलला ठेवलं तेव्हा कसं वाटलं?"

बराकानं आधी इंग्रजीत सुरुवात केली, मग थांबला आणि मराठीत बोलला. "पहिलं वर्ष वाईट. मी आजारी पडायचो, खोटं खोटं. मग खरं खरं. नंतर सवय झाली. आता बघ की, इथं आलो तर काही वाटलं नाही." जरा वेळानं तो म्हणाला, "पण मी घरी गेलो की मामा विचारते, काय खाणार? पाहुण्याला विचारतात तसं. तिला माहीत नाही मला काय आवडतं."

मी आईचा पदर धरून बसले होते, तो तिनं सोडवून घेतला नाही.

नंतर तिनं जे विचारलं ते ऐकून मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले.

"म्वांझात भाड्यानं खोली मिळते?"

"मिळते की. भारतीय लोक खूप आहेत तिथं. गुजराती. दुकानं त्यांचीच."

"त्यांच्या मुलांना गणित शिकवायला कुणी लागत असेल?"

"गणित?" बराका म्हणाला. "गणिताला सगळीकडं लागतं!"

"बाई माणसानं एकटीनं राहिलेलं चालतं?"

"माझी मामा एकटीच राहते. वडील खाणीत आहेत, लांब."

आई आता खुर्चीत पुढं सरकून बसली होती. बस किती वाजता सुटते, बाजार कधी भरतो, पाऊस कोणत्या महिन्यात येतो, तिथल्या बायका काय नेसतात. घरातून कागद आणला नव्हता, त्यामुळं तिचे प्रश्न संपेचनात. शेवटी जरा लाजल्यासारखं करून तिनं विचारलं, "ही सांगते त्या तळ्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. खरं आहे?"

"खरं आहे, मामा."

"बघायला पाहिजे," आई म्हणाली.

मला तोवर वाटत होतं की जायचंय ते अण्णांना आणि थोडं मला, आणि आईला आम्ही ओढून नेतोय.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अण्णा पायरीवर उभे होते. त्यांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि त्यांना सगळं कळलं. आईनं चप्पल काढली, पाय धुतले, मग म्हणाली, "आपण जाऊ. राजीनाम्याचा अर्ज शाळेला मंगळवारी देते."

अण्णांचा चेहरा उजळला.

"पण मी आणि वैजू म्वांझात राहणार. ती शाळेत जाईल, मी शिकवण्या घेईन. तुम्ही किबांगाला राहा. सुट्टीला या."

"म्हणजे मी…" अण्णा म्हणाले. "एकटा?"

"खोटं बोलला नसता तर आणखी काहीतरी वाट काढली असती," आई म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही.

अण्णा मागं वळून घरात गेले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला, "बरं."

आम्ही गेलो. दोन वर्षांसाठी म्हणून गेलो आणि चार वर्षं राहिलो. म्वांझात एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. आईकडं आधी पाच मुलं गणिताला यायची, मग अकरा, मग दोन पाळ्या झाल्या. वर्षभरात ती बाजारात स्वाहिलीत भांडायला लागली. तिथं सगळे तिला ‘मामा त्रिशला’ म्हणायचे. मोठ्यानं हसायची, सकाळी तळ्याच्या काठानं एकटी फिरायला जायची. अशी आई मी इचलकरंजीत पाहिली नव्हती. तळं मात्र मला पहिल्या आठवड्यातच सवयीचं झालं.

अण्णा एकाआड एक शनिवारी यायचे. बसमधून उतरताना डोक्यापासून पायापर्यंत लाल मातीनं भरलेले असायचे. आंघोळ करायचे, जेवायचे, घरात जे मोडलं असेल ते दुरुस्त करायचे, आणि रविवारी दुपारच्या बसनं परत. माझ्याशी ते नेहमीसारखेच वागले. त्या विषयावर एक शब्द कधी बोलले नाहीत. आणि ते जितके गप्प राहायचे, तितकं मला वाटत राहायचं की आपण चुगली केली आणि घराचे दोन तुकडे केले. हे मी आईलासुद्धा सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आईचा फोन आला. तिच्या म्वांझातल्या एका विद्यार्थिनीच्या मुलीचं लग्न होतं, तिकीटसुद्धा त्यांनीच पाठवलं होतं. बहात्तराव्या वर्षी ती एकटी निघाली होती.

"पंधरा दिवस तू इकडं येऊन राहा," ती म्हणाली. "अण्णांना एकट्याला जमत नाही."

मला वाटलं, वय झालं, स्वयंपाकपाण्याचं म्हणत असेल. मी रजा काढून पुण्याहून इचलकरंजीला आले. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या गल्लीतून मागांचा आवाज येत होता. मी त्यांना चहा दिला आणि गमतीनं म्हणाले, "आई बघा, भुर्र उडून गेली. तुम्ही का नाही गेलात बरोबर?"

"मला तिकडं परत जायचं नाही," ते म्हणाले.

इतक्या सरळ ते कधी बोलत नसत. मग मीही सरळ विचारलं. तीस वर्षं जे विचारायचं राहिलं होतं.

"अण्णा, मी आईला सांगितलं म्हणून तुम्ही माझ्यावर रागावला होता?"

"तुझ्यावर?" त्यांनी कप खाली ठेवला. "तुझ्यावर कशाला? खोटं मी बोललो होतो."

"नोकरी जायला नको म्हणून ना?"

"नोकरी कुठं जात होती? तुझी आई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, शाळा नसेल तर तुम्ही जाऊन या. जायला मोकळाच होतो मी."

"मग?"

ते गल्लीकडं बघत राहिले. "मला एकट्याला जायची भीती वाटत होती, वैजू. मुंबईला मुलाखतीला गेलो तेव्हासुद्धा माझ्या हाताखालच्या मुकादमाला, जॉबर शंकरला, बरोबर नेलं होतं. लग्नाआधी आई-वडील, लग्नानंतर त्रिशला. एका घरात एकटा असा मी कधी राहिलोच नव्हतो. गिरणीत शंभर माणसं सांभाळणाऱ्यानं हे बायकोला कसं सांगायचं? त्यापेक्षा शाळा आहे म्हणणं सोपं होतं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं ते सांगत होते.

माझ्या डोळ्यांपुढं बसमधून उतरणारे अण्णा आले, दर वेळी शनिवारचे. रविवारी दुपारी बस सुटली की पुढं त्यांचं काय होत असेल, हे मला चार वर्षांत एकदाही जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

"आम्हाला म्वांझात सोडून पहिल्यांदा किबांगाला परत गेलात," मी म्हणाले, "त्या दिवशी काय केलंत?"

अण्णा थोडे हसले. "कुलूप काढलं. आत गेलो. आधी त्रिशलाला हाक मारली. मग तुला. नुसतं, खोलीत आवाज कसा येतो ते बघायला."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मग?"

"मग भात टाकला," अण्णा म्हणाले. "तिघांचा."